प्रस्तावना : पाद्र्याच्या घरातला कार्निव्हल

वायक्लेफ जाँचा ‘द कार्निव्हल’ हा अल्बम १९९७ च्या जूनमध्ये आला. त्यात सुरुवातीपासून एक खटला चालू असतो. गाण्यांच्या अधूनमधून न्यायालयातले संवाद ऐकू येतात. आरोपीच्या पिंजऱ्यात खुद्द वायक्लेफ आहे. शेवटाकडे वकिलांची भाषणे आटोपतात आणि तिथून पुढे इंग्रजी जवळजवळ थांबतेच. उरतात ती तीन गाणी, ‘जास्पोरा’, ‘येले’ आणि ‘कार्निव्हल’, आणि त्यांची भाषा आहे हैतीची क्रेयोल. कोलंबियासारख्या बड्या कंपनीचा अल्बम, बाजारपेठ अमेरिकेची, आणि गायक वर्षभरापूर्वी जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एकावर झळकलेला. अशा माणसाने शेवटचा शब्द त्या भाषेत ठेवला, जी त्याच्या बहुतेक गिऱ्हाइकांना कळणारच नव्हती. आधी तुमच्या न्यायालयात तुमच्या भाषेत बाजू मांडतो, मग माझ्या अंगणात गातो, असा तो क्रम मला ऐकू येतो. पुढच्या पानांत ज्या कारकिर्दीचा मागोवा घेतला आहे, तिच्यात शिरायचे तर इथूनच शिरावे.

वायक्लेफची ओळख बहुतेक ठिकाणी ‘हैतीचा ठेका आणि अमेरिकेचा सोल यांचा मिलाफ’ अशी करून दिली जाते. ती चुकीची नाही. पण त्यातून असे वाटते की दोन परकी सुरांची कुणीतरी चतुराईने सोयरीक जमवली. माझे म्हणणे वेगळे आहे. ही दोन्ही संगीते आधीपासून एकमेकांच्या नात्यातली होती. वायक्लेफच्या वाट्याला त्यांतले एक घरबसल्या आले आणि दुसरे त्याला घराबाहेरून, काहीसे घरच्यांच्या मनाविरुद्ध आणावे लागले. त्याच्या गाण्यातली सगळी ताकद आणि सगळी ओढाताण तिथली आहे.

त्याचा जन्म १७ ऑक्टोबर १९६९ चा, हैतीतल्या क्रुआ-दे-बुके या गावचा. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून हे गाव जवळच आहे. तिथले लोहार जगभर ओळखले जातात ते एका विशिष्ट कामासाठी. तेलाचे रिकामे पिंप घ्यायचे, त्याची दोन्ही तोंडे काढायची, आत वाळलेला पाला पेटवून तेलाचा अंश जाळून टाकायचा, मग पिंप उभे चिरून, ठोकून सपाट पत्रा करायचा. त्यावर खडूने आकृती काढायची आणि छिन्नी-हातोड्याने ती कोरून काढायची. जलपऱ्या, पक्षी, वोडू या हैतीच्या लोकधर्मातल्या देवता, असे काहीही त्यातून निघते. जॉर्ज लियोतो नावाच्या लोहाराने तिथे कबरींवरचे क्रूस घडवता घडवता १९५० च्या दशकात या कलेला तोंड फोडले. दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या धातूतून आपले दैवत घडवणाऱ्यांचे हे गाव. ते ध्यानात ठेवावे, पुढे एका तळघरात त्याची आठवण येणार आहे.

वडील गेस्नेर जाँ हे नाझरीन पंथाचे पाद्री. मुलाचे नाव त्यांनी बायबल इंग्रजीत आणणाऱ्या चौदाव्या शतकातल्या जॉन विक्लिफवरून ठेवले, यातच त्या घराची सगळी रीत आली. हैतीतल्या प्रॉटेस्टंट घरांतून वोडूला थारा नसे. वोडूला नाही म्हणजे त्याच्या ढोलालाही नाही, आणि कार्निव्हलच्या रात्रींपासून तर चार हात लांबच राहायचे. आईवडील आधी अमेरिकेत गेले, नऊ वर्षांचा वायक्लेफ मागाहून पोचला. आधी ब्रुकलिन, मग न्यू जर्सी. पोराने रस्त्यावरच्या भानगडीत पडू नये म्हणून आईने हाती गिटार दिली. ती गिटार वाजू लागली वडिलांच्या चर्चमध्ये, भावंडांच्या साथीने. रॅप वगैरे घरात चालायचे नाही.

इथे सोलविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठीत हा शब्द हल्ली कोणत्याही हळव्या इंग्रजी गाण्याला चिकटवला जातो. सोल जन्मला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. एकाने ओळ म्हणायची, समुदायाने ती उचलायची. एकच अक्षर पाच-सात सुरांवरून खेळवायचे. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत, दर वेळी किंचित चढवत न्यायची, इतकी की ऐकणारा बसल्या जागी उठून उभा राहील. चर्चमधली ही गायकी प्रेमाच्या, विरहाच्या, रागाच्या गाण्यांत उतरली, तिला सोल म्हणू लागले. सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन, मार्विन गे ही तिघेही पाद्र्यांची मुले होती. ज्या घरात देवासाठी गळा तयार होतो, त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर तो गळा माणसांसाठी गाऊ लागतो, आणि बहुधा घरात कुणीतरी दुखावते. वायक्लेफ या परंपरेत बसतो तो जन्मानेच. आणि भूगोलानेही. जाँ कुटुंब ज्या परिसरात स्थिरावले, तिथल्याच ईस्ट ऑरेंजमध्ये व्हिटनी ह्यूस्टन वाढली होती, आणि शेजारच्या नेवार्कमधल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिची आई सिसी ह्यूस्टन गायकवृंद चालवत असे. सोल त्या वस्तीत शिकायला जावे लागत नव्हते, दर रविवारी ते खिडकीतून आत येत होते.

आता हैतीची बाजू. तिथले संगीत म्हणजे एकच ठेका, असे समजणे हा आपल्या सोयीचा प्रकार आहे. वोडूच्या विधींतले ढोल वेगळे. लॅटिन वाद्यवृंदांचा आणि शेजारच्या डोमिनिकन मेरेंगेचा शेजार लाभलेला कोंपा वेगळा. नेमूर जाँ-बातिस्त यांनी १९५५ मध्ये तो घडवला, आणि आजही हैतीच्या लग्नांत जोडपी त्याच संथ, न थकणाऱ्या लयीवर नाचतात. आणि रारा तर अगदीच वेगळा. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात रारांच्या मिरवणुका गावोगाव निघतात. त्यात ‘व्हाक्सिन’ नावाची बांबूची तुतारी असते. एका तुतारीतून जवळजवळ एकच सूर निघतो. चार-पाच जण वेगवेगळ्या लांबीच्या तुताऱ्या घेतात आणि प्रत्येक जण आपला एकच सूर नेमक्या क्षणी फुंकतो. अशी त्या सगळ्यांत मिळून एक धून होते. फुंकता फुंकता तीच माणसे त्याच बांबूवर काठीने ठेका धरतात, आणि हे सगळे चालत चालत, मैलोन्मैल. एकट्याला ती धून वाजवताच येत नाही. मला हैतीच्या संगीतातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. एकत्र आल्याशिवाय गाणे होत नाही, हे तिथे वाद्याच्या घडणीतच आहे.

या दोन बाजूंचे नाते जुने आहे. फ्रेंचांच्या सँ-दोमँग वसाहतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र हैती उभा केला. त्या धामधुमीत अनेक जण क्यूबात गेले. तिथून त्यांना हाकलले गेले तेव्हा, १८०९-१० मध्ये, नऊ हजारांहून अधिक माणसे न्यू ऑर्लिन्सला पोचली. गोरे मालक, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम, असे तिन्ही थरांतले लोक त्यांत होते. शहराची लोकसंख्या त्यांनी दुप्पट केली. पुढे त्याच शहरातल्या काँगो स्क्वेअरवर रविवारी ढोल घुमत राहिले, आणि अमेरिकी संगीताचे कितीतरी धागे त्या शहराशी येऊन मिळतात. तेव्हा हैतीचा एक मुलगा १९८० च्या दशकात न्यू जर्सीत सोल ऐकून थरारला, तर त्याला त्यात ओळखीचे काहीतरी सापडले असणार. ‘द कार्निव्हल’मध्ये ‘मोना लिसा’ या गाण्यासाठी त्याने बोलावले ते न्यू ऑर्लिन्सच्या नेव्हिल ब्रदर्सना. मला ती निवड योगायोगाची वाटत नाही.

पण त्या काळात अमेरिकेत हैतीचा म्हणून ओळखला जाणे सोपे नव्हते. द्युव्हालिए बापलेकांच्या हुकूमशाहीतून लोक मोडक्या होड्यांत बसून फ्लोरिडाचा किनारा गाठत होते. १९८३ मध्ये अमेरिकी आरोग्ययंत्रणेने एड्सचा धोका असलेल्या गटांत हैतीच्या लोकांची सरसकट गणना केली. दोन वर्षांनी त्यांना यादीतून काढले, पण डाग काही पुसला गेला नाही. १९९० मध्ये त्यांना रक्तदानाची बंदी झाली. त्याविरुद्ध २० एप्रिल रोजी ब्रुकलिन ब्रिजवरून निघालेल्या मोर्चात हजारो लोक होते, आणि वर्षअखेरीस ती बंदी मागे घ्यावी लागली. १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांना लष्कराने उलथवले. पुन्हा होड्या निघाल्या आणि समुद्रात अडवलेल्या हजारोंना ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर डांबून ठेवले गेले. शाळांतून हैतीची मुले आपण जमैकाचे, नाहीतर आणखी कुठले, असे सांगत. ‘रेफ्युजी’ ही शिवी होती.

वायक्लेफ, लॉरिन हिल आणि प्रास मिशेल यांनी आधी ‘ट्रान्सलेटर क्रू’ असे नाव घेतले होते. ते बदलून त्यांनी ‘फ्युजीज’ घेतले, म्हणजे ती शिवीच उचलून पाटीवर लावली. प्रासचे आईवडीलही हैतीचे. लॉरिन न्यू जर्सीतल्या कृष्णवर्णीय अमेरिकी घरातली. तिचा गळा सोलच्या मुशीत घडलेला, आणि तिच्याशिवाय पुढचे काहीच घडले नसते. १९९४ चा पहिला अल्बम पडला. तो मी आजही आवडीने ऐकू शकत नाही. त्यात तिघेही दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात ओरडताहेत असे वाटते.

दुसऱ्यासाठी ते ईस्ट ऑरेंजमधल्या एका घराच्या तळघरात शिरले. घर वायक्लेफच्या काकांचे, सोबत चुलतभाऊ जेरी ‘वंडा’ द्युप्लेसी. या तळघराला ते ‘बूगा बेसमेंट’ म्हणत. क्रुआ-दे-बुकेचे लोहार आठवतात ते इथे. जुनी रेकॉर्ड घ्यायची, तिच्यातला एक तुकडा कापायचा, ठोकून सपाट करायचा आणि त्यात आपली आकृती कोरायची. ‘रेडी ऑर नॉट’मध्ये डेल्फॉनिक्सचा सोल आहे आणि खाली आयर्लंडच्या एन्याच्या आवाजाचे धुके आहे. ‘किलिंग मी सॉफ्टली’ रोबर्टा फ्लॅकने १९७३ मध्ये गाजवले होते. फ्युजीजनी त्याच्याखाली ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’च्या एका गाण्याचा ठेका घातला. त्या गाण्याने तो तुकडा १९६० च्या दशकातल्या रोटरी कनेक्शनकडून उचलला होता, आणि त्यातला तो सतारीसारखा झणकार म्हणजे इलेक्ट्रिक सतारच आहे.

हे गाणे हेडफोन लावून पुन्हा ऐकावे. सुरुवातीला लॉरिनचा आवाज जवळजवळ उघडाच आहे. मागे गायकवृंदासारखे नुसते गुणगुणणे. मग ढोल आणि बेस पडतात. सबंध गाण्यात वायक्लेफ गात नाही म्हटले तरी चालेल. तो मधून मधून हुंकार भरतो, आकडे मोजतो, तिला पुढे ढकलतो. पुष्कळांना ही लुडबुड वाटते. मला त्यात वडिलांच्या चर्चमधला रविवार ऐकू येतो. उपदेशक रंगात आला की पुढच्या बाकांवरून जे होकार उठतात, तेच काम हा मुलगा इथे करतो आहे. गाणारी एकटी पडू नये, एवढीच त्याची जबाबदारी.

‘द स्कोर’ फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. एक कोटीहून कितीतरी अधिक प्रती खपल्या. पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले, आणि त्या सोहळ्यात वायक्लेफ हैतीचा झेंडा अंगावर घेऊन उभा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्युजीज पोर्ट-ओ-प्रिन्सला जाऊन गायले. ज्या पोरांनी शाळेत मूग गिळून आपले मूळ लपवले होते, त्यांना या काही आठवड्यांत काय मिळाले, हे कुठल्याही पुरस्काराच्या यादीत सापडणार नाही.

मग ‘द कार्निव्हल’. माझ्या मते त्याचे सर्वश्रेष्ठ काम हेच, आणि या पुस्तकातही सर्वाधिक पाने त्याला मिळाली आहेत ते योग्यच आहे. ‘गॉन टिल नोव्हेंबर’ घ्या. साधी गिटार, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची तंतुवाद्ये, आणि एक तरुण आपल्या माणसाला सांगतो आहे की काही महिने मी दिसणार नाही. गाण्यातला तो अमली पदार्थ पोचवायला निघाला आहे. पण ज्या समाजात प्रत्येक घरातून कुणीतरी ‘येतो’ म्हणून गेलेले असते, तिथे हा निरोप कुठल्या कामासाठी आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘ग्वांतानामेरा’मध्ये त्याच्यासोबत सेलिया क्रूझ आहे. १९६० मध्ये क्यूबा सोडलेली ही गायिका आणि हैतीतून आलेला हा मुलगा मिळून ग्वांतानामोच्या मुलीचे गाणे गातात. काही वर्षांपूर्वी त्याच ग्वांतानामोत त्याचे देशबांधव तारांच्या कुंपणाआड होते. वायक्लेफने हे मनात धरून गाणे निवडले की नाही, त्यावर मी पैज लावणार नाही. पण हैतीच्या कानांना ते ऐकू न येणे अशक्य होते.

आणि ती शेवटची तीन गाणी. परदेशी गेलेल्या हैतीच्या माणसाला मायदेशी ‘जास्पोरा’ म्हणतात. त्यात कौतुकही असते आणि टोमणाही. वायक्लेफने ‘जास्पोरा’त बोट ठेवले ते स्वतःच्याच लोकांवर. हे एकमेकांना मान देत नाहीत, एकमेकांना ओळखायला लाजतात. ‘कार्निव्हल’मध्ये तर त्याने कॅरिबियनचा दरबारच भरवला. ग्वादलूप-मार्तिनिकच्या कसाव्हचे जाकोब देव्हारियो आणि जोसलिन बेरोआर, आणि हैतीच्या कोंपाचा बेफाम राजा स्वीट मिकी, म्हणजे मिशेल मार्तेली. पाद्र्याच्या घरात ज्याला बंदी होती ते सगळे इथे ढोल वाजवत आत आले आहे.

पुढच्या दशकात त्याने दुसऱ्यांसाठी केलेले काम जास्त वाजले. व्हिटनी ह्यूस्टनचे ‘माय लव्ह इज युअर लव्ह’ (१९९८) हे वायक्लेफ आणि जेरी द्युप्लेसीचे. त्या काळात तिचा आवाज जरासा खरखरीत झाला होता, आणि या दोघांनी तो झाकला नाही. संथ रेगेच्या लयीत तिला शेजारणीशी बोलावे तसे गाऊ दिले. ईस्ट ऑरेंजनेच हे जमवले, असे मला वाटते. सँटानाचे ‘मरिया मरिया’ २००० मध्ये सलग दहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. शकीराचे ‘हिप्स डोन्ट लाय’ (२००६) आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवले नाही असा माणूस विरळा. त्यात हाका मारणारा पुरुषी आवाज कुणाचा, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. या सगळ्यांपेक्षा मी ‘डियालो’ वर ठेवतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आमादू डियालो या गिनीहून आलेल्या निःशस्त्र तरुणावर एकेचाळीस गोळ्या झाडल्या. त्याच्यावरच्या या गाण्यात सेनेगलचा युसू न्दूर साथीला आहे. २००१ मध्ये वडील गेले. त्यानंतरच्या एका अल्बमला नाव मिळाले ‘द प्रीचर्स सन’. नावाला साजेसा तो अल्बम नाही, पसरट आहे. २००४ चा ‘वेलकम टू हैती : क्रेयोल १०१’ कमी खपला, पण त्यात तो पुन्हा जमिनीवर पाय ठेवून गाताना ऐकू येतो.

१२ जानेवारी २०१० च्या संध्याकाळी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र होते लेओगानजवळ, राराच्या मिरवणुकांसाठी जे गाव नावाजलेले आहे तिथेच. वायक्लेफ दुसऱ्याच दिवशी पोचला आणि प्रेते उचलू लागला. २२ जानेवारीला मदतनिधीसाठी जगभर दाखवल्या गेलेल्या कार्यक्रमात इतर कलाकार दुःखाने जड झालेली गाणी म्हणत होते. त्याने ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’पासून, म्हणजे स्तोत्रसंहितेतल्या परागंदांच्या विलापापासून सुरुवात केली आणि तिथून उसळी घेत तो ‘येले’वर गेला, राराच्या ठेक्यावर. काहींना शोकसभेत ते खटकले. हैतीत मयताला बँड लावून नेतात हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना खटकले नाही.

त्याच्या ‘येले हैती’ या संस्थेबद्दल या पुस्तकात मौन पाळलेले नाही, याचे मला समाधान आहे. भूकंपानंतर तिच्याकडे कोट्यवधी डॉलर आले. खर्चाच्या हिशेबावर गंभीर प्रश्न उठले, न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलकडून चौकशी झाली आणि २०१२ मध्ये संस्था बंद पडली. प्रेम खरे असले तरी हिशेब चोख हवा. ज्यांच्या नावाने पैसा जमतो त्यांच्याशी असलेले ते पहिले कर्तव्य, आणि तिथे तो कमी पडला. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला. देशात सलग पाच वर्षे वास्तव्याची अट होती, आणि निवडणूक मंडळाने अर्ज फेटाळला. ‘जास्पोरा’ लिहिणाऱ्याला त्याच्याच देशाने तू जास्पोरा आहेस असे कायद्याने सांगितले. ती निवडणूक जिंकली मिशेल मार्तेलीने, म्हणजे ‘कार्निव्हल’मधल्या त्याच स्वीट मिकीने.

वायक्लेफने उघडलेल्या वाटेवर आज बरीच माणसे आहेत. त्यांतली एक खास ऐकावी, लेला मकॅला. आईवडील हैतीचे, जन्म न्यूयॉर्कचा, वास्तव्य न्यू ऑर्लिन्सला. चेलो आणि बँजो घेऊन ती क्रेयोल गाणी गाते, आणि २०२२ च्या ‘ब्रेकिंग द थर्मामीटर’मध्ये तिने हुकूमशाहीत दडपल्या गेलेल्या रेडिओ हैतीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांशी आपले गाणे गुंफले आहे. वायक्लेफसारखे स्टेडियम ती भरत नाही. पण त्याने जे अल्बमच्या शेवटी, खटला संपल्यावर गायले, ते ती पहिल्या ओळीपासून गाऊ शकते.

हे पुस्तक कालक्रमाने लिहिलेले आहे. तरी वाचकांनी ऐकताना तो क्रम मोडावा, असे मी सुचवीन. आधी ‘येले’ ऐकावे, शब्द कळत नसताना. मग ‘किलिंग मी सॉफ्टली’, व्हिटनीचे गाणे, ‘डियालो’. त्यानंतर तिसरे प्रकरण उघडावे, बूगा बेसमेंटचे. पहिली दोन नंतर वाचली तरी चालतील.